पाय झटक्याने हलला आणि आम्ही दुसरा हप्ता भरला

माझा धाकटा भाऊ तासगावजवळच्या आमच्या विहिरीत पडला. मोटर वर काढताना काठाचा दगड निसटला. मिरजेत लगेच ऑपरेशन झालं. सर्जननी आम्हाला बसवून सांगितलं की डी-१२ चा, म्हणजे छातीच्या मणक्यांतला शेवटचा मणका फुटलाय, मज्जारज्जूला जबर मार आहे. रॉड-स्क्रू टाकून मणका बसवला, पण पाय परत येतील असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. आता खरं काम फिजिओथेरपीचं. खरं बोलणारा तो माणूस तेव्हा आम्हाला दगडाच्या काळजाचा वाटला.

वॉर्डाबाहेर एकाने ओळख काढली. म्हणाला, मुंबईचे स्पेशालिस्ट दर महिन्याला सांगलीत येतात, तपासणी मोफत. लॉजच्या हॉलमध्ये रांग होती. त्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीकडे धरली आणि दोन मिनिटांत ‘स्टेम सेलचे’, म्हणजे मूळ पेशींचे, ‘तीन डोस’ सांगितले. एका डोसला पावणेदोन लाख, रोख. भावाला त्यांनी हातही लावला नाही. मिरजेत टाचणी टोचून, गुदद्वाराजवळची संवेदनासुद्धा बघितली होती. त्याशिवाय इजा पूर्ण (खाली काहीच शिल्लक नाही) की अपूर्ण (थोडं शिल्लक आहे) हे ठरतच नाही. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर!

आईच्या पाटल्या मोडल्या. कमरेच्या हाडातून मगज काढून पाठीत इंजेक्शन दिलं. आठवड्याने भावाचा उजवा पाय झटक्याने उडाला. वॉर्डाबाहेर भेटलेल्या त्या एजंटने व्हिडिओ काढला, “लागू पडलं बघा दादा.” आम्ही सगळे रडलो. दुसऱ्या डोसचे पैसे मी त्याच संध्याकाळी दिले.

तो झटका म्हणजे स्पॅझम होता. मार लागल्यावर सुरुवातीला पाय लुळे असतात; काही आठवड्यांनी इजेच्या खालचा मज्जारज्जू मेंदूच्या ताब्याशिवाय आपोआप प्रतिक्रिया देऊ लागतो आणि पाय उडतात. औषध न घेताही हे होतं. पाय सांगितल्यावर हलतो का, एवढंच बघायचं. आम्ही ते बघितलंच नाही.

या धावपळीत दर दोन तासांनी कूस बदलणं राहिलं आणि माकडहाडावर बेडसोर झाला. तो भरायला पाच महिने गेले. पैशांपेक्षा मला हेच जास्त लागतं.

शेवटी मुंबईत हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत गेलो. तिथं कळलं की मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल हा आपल्याकडे मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो फक्त नोंदणीकृत चाचणीत (क्लिनिकल ट्रायलमध्ये) देता येतो आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून कुणी असा डोस सांगितला तर आधी सीटीआरआयचा (अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा, डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नंबर मागा, सल्ला लेटरहेडवर लिहून घ्या. आमच्याकडे पावती आहे, तिच्यावर फक्त ‘प्रोसिजर’ लिहिलंय.

भाऊ आता दर चार तासांनी स्वतः कॅथेटर (लघवीची नळी) घालतो, व्हीलचेअरवर स्वतः चढतो. हे त्याला फिजिओने शिकवलं, सव्वा महिन्यात.