मालक खाली की मालक पुण्यात? सांगली-मिरजेत भाड्याचं घर ठरवताना

मिरजेत रात्रपाळी करून आले होते. सकाळी साडेअकराच्या सुमारास गाढ झोपेत असताना लॅच उघडल्याचा आवाज आला. बाहेरच्या खोलीत एजंट उभा, त्याच्यामागे फ्लॅट बघायला आलेले नवरा-बायको. "मॅडम, तुम्ही ड्युटीवर असाल असं वाटलं," तो म्हणाला. आत आल्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. घरात कोणी नसेल तर खुशाल जावं, असंच तो धरून चालला होता.

त्याआधी दोन वर्षं मी सांगलीच्या विश्रामबागेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहिले. मालक आणि काकू खाली. तिथेही माझ्या मागे दार उघडलं गेलं होतं. पाऊस आला म्हणून काकूंनी दोरीवरचे कपडे काढले, त्यांच्याकडच्या किल्लीने खोली उघडली आणि घड्या घालून कॉटवर ठेवले. कॉटवर माझी उघडी वही होती. त्यांनी वाचली नसणार, पण संध्याकाळभर माझं मन त्या वहीतच अडकून होतं.

सांगली, मिरज, कुपवाडमध्ये घर शोधणाऱ्याला बहुतेक वेळा याच दोन प्रकारांतून निवडावं लागतं. बंगल्याची वरची खोली, नाहीतर बाहेरगावच्या मालकाचा, एजंटच्या हातातला फ्लॅट. भाडं, पाणी, पार्किंग यांची तुलना सगळेच करतात. मी इथे फक्त एवढंच बघते आहे की कुठल्या घरात कोण, कधी आणि कशासाठी शिरतं.

मालक खाली असेल तर येणं-जाणं रोजचं असतं, पण ते डोळ्यांसमोर असतं. तो का येणार हे घराची रचनाच सांगते, म्हणून खोली बघताना भिंतींच्या रंगापेक्षा मी गच्चीचा जिना बघते. जिना आपल्या गॅलरीतून जात असेल तर उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण आपल्याच दारावरून वर जाणार. टाकीचा कॉक आपल्या बाथरूमच्या माळ्यावर असेल तर पाणी आलं की कोणीतरी दार वाजवणार. मीटर, इन्व्हर्टर, मोटरचं बटण या सगळ्या जागा विचारून घ्या. जिना बाहेरून असेल आणि कॉक गच्चीवर असेल, तर निम्मी कटकट तिथेच संपते.

आणि खालच्या मालकाशी बोलता येतं. मी काकूंना म्हटलं, "काकू, कपडे पायरीवर ठेवलेत तरी चालेल, खोली नका उघडू." दोन दिवस त्या जरा गप्प होत्या. नंतर पुन्हा कधी दार उघडलं नाही, आणि आमचं चहापाणीही थांबलं नाही. मात्र कोण भेटायला आलं, रात्री किती वाजता आलीस, या चौकशा कुठल्याही करारात बसवता येत नाहीत. त्या सोसायच्या की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

एजंटच्या फ्लॅटमध्ये महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. सुरुवातीला मला हाच स्वर्ग वाटला होता. पण त्या घटनेनंतर विचारलं तेव्हा कळलं की माझी किल्ली एका एजंटकडे नव्हतीच, ती तिघांमध्ये फिरत होती. एकाला सांगावं तर पुढच्या आठवड्यात दुसराच दारात. करार संपायला दोन महिने राहिले की फ्लॅट दाखवणं सुरू होतं आणि एकांत मोडतो तो तेव्हा. माझ्या स्वयंपाकघराचे फोटो, ओट्यावरच्या माझ्या डब्यांसकट, एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले होते.

आणखी एक गोष्ट, बंद खोलीची. "एका खोलीत आमचं सामान आहे, ती बंद राहील," असं बाहेरगावचे मालक अगदी सहज सांगतात. ती खोली उघडायला ते कधीतरी येणार, आणि वाट तुमच्या हॉलमधूनच. अशी खोली असेल तर मी भाडं कमी करून घेण्यापेक्षा घरच सोडून देईन.

मालक जवळ असण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपण कृष्णाकाठी राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेलं. माझी एक मैत्रीण तेव्हा गावभाग या वस्तीत तळमजल्यावर राहायची आणि नेमकी गावी गेली होती. वरच्या मजल्यावरच्या मालकांनी किल्लीने दार उघडून तिची सर्टिफिकेटं, गादी, सिलिंडर वर नेलं. किल्ली पुण्यात असती तर तिच्या डिग्रीचा लगदा झाला असता. म्हणून दुसरी किल्ली कोणाकडेच नको, असं मी म्हणणार नाही. पाकिटात घालून, तोंड चिकटवून, चिकटवलेल्या जागी सही करून ती मालकाकडे द्यावी. पाणी, आग, गॅस यासाठीच ते पाकीट फुटेल, आणि फुटलं तर आपल्याला कळेल.

कायद्याचं म्हणाल तर दोन्ही घरांना तो सारखाच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, पण आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळी. "तुम्ही भाडेकरू नाही, लिव्ह अँड लायसन्सवर आहात, मालक कधीही येऊ शकतो," हे एजंटचं ठरलेलं वाक्य. ते चूक आहे. लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापराच्या परवान्यावर, दिलेल्या जागेचाही त्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. मात्र किती तास आधी सांगायचं, हे त्यात लिहिलेलं नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात २४ तासांची सूचना आहे, पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. तिथला आकडा उचलून आपल्या करारात घालायला कोणाची आडकाठी नाही.

करार नोंदणीकृत हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, तरी आपल्याकडे नोटरीच्या कागदावर भागवायची सवय आहे. छापील मसुद्यात मालक "किंवा त्याचा प्रतिनिधी" पाहणीला येऊ शकेल अशी ओळ असते, आणि एजंट त्याच ओळीतून आत शिरतो. तिथे एकाच माणसाचं नाव घालून घ्या.

जिन्यातला कॅमेरा आपल्या दाराकडे वळलेला असेल तर तो गेटकडे वळवायला सांगा, मालक ऐकतात. पण घराच्या आत, बाथरूममध्ये किंवा झोपायच्या खोलीत कॅमेरा सापडला तर मालकाशी बोलत बसू नका. बाईचं असं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा आहे, थेट पोलीस ठाण्यात जा.

आता निवड. वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजला पहिल्या वर्षाला आलेल्या, गावात कोणी ओळखीचं नसलेल्या मुलीला मी खाली मालक असलेली खोली सुचवीन, जिना बाहेरून असेल तर. नवरा-बायको दोघं नोकरीला, नातेवाइकांची ये-जा भरपूर, अशांनी फ्लॅट घ्यावा. चौकशांचा जाच तिथे खरंच नाही. माझ्यासारख्या पाळीत काम करणाऱ्यांना, मिरजेत दवाखान्यांमुळे असे पुष्कळ आहेत, एजंटचा फ्लॅट एकाच अटीवर परवडतो: लॅचचं कुलूप मालकाच्या संमतीने बदलून घ्यायचं, आणि ती संमती मेसेजवर लेखी घ्यायची.

करारात घालायची ओळ मी अशी लिहून ठेवली आहे: "मालक किंवा करारात नाव असलेला प्रतिनिधी २४ तास आधी मेसेज करून, राहणाऱ्याच्या सोयीच्या वेळी व राहणारा घरी असतानाच आत येईल, नवीन गिऱ्हाइकाला जागा फक्त शेवटच्या महिन्यात दाखवली जाईल, राहणाऱ्याच्या सामानाचे फोटो काढले जाणार नाहीत." टोकन देण्याआधी ही ओळ पुढे करायची. पैसे हातात पडल्यावर "बघू की नंतर" एवढंच उत्तर येतं.

मिरजेचा करार माझा आता संपतो आहे. परवा विश्रामबागेतच एक वरची खोली पाहिली. मालक खाली, जिना बाहेरून, टाकीचा कॉक गच्चीवर. ओळ वाचून मालक म्हणाले, "राहणारा घरी असतानाच, हे बरं केलंत. मागं चोरीचा आळ आमच्यावर आला होता."