पोर्तुगीज चर्चनोंदी: सॉफ्टवेअरकडून वाचून घ्याव्यात की स्वतः अक्षर लावावं?

गोव्यात नागरी नोंदणी १९१४ साली सुरू झाली. त्याच्या मागे जायचं तर चर्चच्या वह्यांना पर्याय नाही: बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच वह्यांच्या प्रतिमा फुकट पाहता येतात, त्यामुळे पान मिळवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. अडतं ते पुढे. पणजोबांच्या गावाची वही उघडली आहे, साल बरोबर आहे आणि अक्षर काही केल्या लागत नाही, अशा ठिकाणी जे पोहोचलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

साधारण दोन वाटा आहेत. हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला पानाची प्रतिमा द्यायची, नाहीतर स्वतः शिकून वाचायचं. घरातल्या पोर्तुगीज येणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारावं असं सगळेच सुचवतात. अवश्य विचारा, शब्दांचे अर्थ ते झटकन सांगतील. पण १९६१ च्या आधी शाळेत पोर्तुगीज शिकलेल्या माणसालाही अठराव्या शतकातल्या पाद्रीचं अक्षर लागेलच असं नाही. मराठी अस्खलित येणाऱ्याला मोडी कुठे वाचता येते?

सॉफ्टवेअरचं आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर कामाचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली स्वच्छ, ठरावीक साच्यातली नोंद ते बहुतेक नीट वाचतं. शंभर-दोनशे पानांत आपलं आडनाव कुठे कुठे येतं हे हुडकायला त्याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. शाई मागच्या बाजूला झिरपलेल्या, किडीने खाल्लेल्या पानांवर ते अडखळतं, पण तिथे आपणही अडखळतोच.

माझं मन बदललं ते समासातल्या टिपांमुळे. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात मुलाचं नाव असतं, आणि त्याखाली कधीकधी पुढच्या एखाद्या पाद्रीने वेगळ्या शाईत दाटीवाटीने भर घातलेली असते: अमक्या साली अमकीशी लग्न झालं, अमक्या साली वारला. घराण्याचा धागा जोडायला ही टीप मूळ नोंदीपेक्षाही मोलाची, कारण एका पानावरून तुम्ही थेट दुसऱ्या गावच्या वहीत पोहोचता. आणि नेमकी तीच सर्वांत बारीक आणि सर्वांत आखडलेली. मी वापरलेलं सॉफ्टवेअर समासातली ओळ मधूनच मुख्य मजकुरात घुसवायचं. तेवढं चालवून घेतलं असतं. पण जिथे अक्षर लागत नव्हतं तिथे ते जागा रिकामी सोडत नव्हतं, एखादं शोभेलसं नाव घालून वाक्य पुरं करायचं.

दुसऱ्या प्रांतात असं चुकीचं नाव कदाचित डोळ्यांना खुपलं असतं. गोव्यात ते खुपत नाही. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, परेरा, डिसोझा अशी मोजकी आडनावं गावोगाव, आणि पुढे मारिया, आना, फ्रान्सिस्को, आंतोनियो. त्यामुळे चुकीचं वाचलेलं नावही त्याच गावातल्या कुणा खऱ्या माणसाचं निघतं. पाद्री आडनावं तोडून लिहीत: सुरुवातीचं एखाददुसरं अक्षर आणि वर चढवलेला शेवट. परेरा आणि फेरेरा असे तोडले की फरक जेमतेम एका आद्याक्षराचा उरतो. फ्रान्सिस्को आणि फ्रान्सिस्का यांत तर फक्त शेवटचं, वर टांगलेलं इवलंसं अक्षर वेगळं. तिथे अंदाज चुकला तर परक्या घराण्याची पणजी आपल्या वंशावळीत येऊन बसते आणि पुढच्या दोन पिढ्या तिच्या मागे जातात.

स्वतः वाचायला शिकणं वाटतं तितकं कठीण नाही, निदान माझा अनुभव तसा आहे. नवीन वहीपासून जुनीकडे जायचं. नोंदीची सुरुवात साच्यातली असते आणि तारीख बहुधा अक्षरांत लिहिलेली. ‘मिल ओइतोसेंतोस’ म्हणजे अठराशे, हे आपल्याला आधीच माहीत असतं. मग त्याच शब्दांतून त्या पाद्रीचा म, ल, त, स कसा आहे ते उतरवून घ्यायचं. गावाचं आणि चर्चचं नावही ठाऊक असतंच. अशा माहीत शब्दांतून त्याची वर्णमाला कागदावर जमली की अनोळखी आडनावही हळूहळू उलगडतं. पाद्री बदलला की कागद नवा.

थोड्या खुणा पाठच कराव्या लागतात. रॉड्रिग्जसाठी ‘रोइझ’ लिहिलेलं दिसेल. ७ चा आकडा आणि पुढे ‘ब्रो’ म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. शब्द एकमेकांना चिकटवून लिहिण्याची सवयही सर्रास, तेव्हा दोन शब्दांमधली फट शोधत बसू नये.

वसईच्या वाचकांनीही हे शिकायला हरकत नाही. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली, तरी पाद्रोआदोखालच्या, म्हणजे पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाखालच्या, चर्चमध्ये गोव्याचे पाद्री येत राहिले. तिथल्या वहीत आणि गोव्याच्या वहीतही ‘साल्सेत’ दिसेल. मुंबईलगतची साष्टी आणि गोव्यातली साष्टी, दोन्ही पोर्तुगिजांच्या लेखी तेच. कोणती ते शेजारच्या गावांच्या नावांवरून ठरवायचं.

ज्यांना एखादीच नोंद हवी आहे आणि ती १८७० नंतरची आहे, त्यांनी सॉफ्टवेअर वापरावं, मुद्दाम शिकण्याची गरज नाही. गावची अख्खी वही चाळायची असेल तरी पहिली चाळणी त्याच्याकडूनच करून घ्यावी, मीही तसंच करतो. पण नाव वंशावळीत चढवण्यापूर्वी समास मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, असं मला वाटतं. न लागलेलं अक्षर वहीत आहे तसंच, तोडलेल्या रूपात उतरवून पुढे प्रश्नचिन्ह घालावं. आणि जाणकाराला विचारताना तेवढाच शब्द कापून पाठवू नये, पूर्ण पान पाठवावं. त्याच हाताची बाकीची अक्षरं समोर असल्याशिवाय त्यालाही ते लागणार नाही.