बडोद्याचा ९६ पिनांचा हातठसा: पिना चोख, चौकट ढिली

जनुकीय चाचणीच्या पट्ट्यांवर डीएनएचे ठिपके हातानं छापायचा हा संच मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका छोट्या वर्कशॉपचा: ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्या भोकांत सैल सोडलेल्या ९६ स्टील पिना आणि मेंब्रेनवर (ठिपके धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावर) त्या नेमक्या जागी टेकवणारी चौकट. पिनांमधलं अंतर ९ मिमी, त्यामुळे नेहमीच्या ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये बरोब्बर उतरतात. काचेवर हजारो ठिपके मारणाऱ्या रोबोचं काम याच्याकडून मागू नका. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या आयव्हीएस १-५ सारख्या मोजक्या उत्परिवर्तनांच्या (जनुकातल्या बदलांच्या) चाचणी-पट्ट्या छापायला मात्र हा पुरून उरतो. (त्याच जनुकातला ६१९ बेसचा तुकडा गळालाय का, हे पीसीआर करून, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून, जेलवर थेट कळतं, त्याच्यासाठी ठिपका खर्चू नये.)

पिना सरळ, टोकं सपाट. थेंबाचं माप हातावर आहे: झटकन उचललं तर थेंब मोठा, सावकाश उचललं तर लहान. म्हणून एक लॉट एकाच माणसानं छापावा. आधी खाण्याचा रंग भरून कागदावर छापून बघा. एखादा ठिपका उमटला नाही तर पिन बहुधा वाकलेली नसते, बफरचे क्षार साचून भोकात अडकलेली असते. पाण्यानं पुसली की सुटते.

ठिपके फिके आले की शिव्या पिनांना बसतात, दोषी असतं ईडीसी, म्हणजे ऑलिगो (डीएनएचे छोटे तुकडे) मेंब्रेनला जोडणारं रसायन. कार्बॉक्सिल गट असलेलं नायलॉन मेंब्रेन १६ टक्के ताज्या ईडीसीत १० मिनिटं ठेवायचं, पाण्यानं धुवायचं, अमिनो टोकाचे ऑलिगो ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये छापायचे आणि मग ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १० मिनिटं, म्हणजे उरलेले सक्रिय गट निकामी होतात. बडोद्याच्या पावसाळ्यात ईडीसीची गार बाटली फ्रीजरमधून काढून तशीच उघडली की आत ओल धरते, गठ्ठे होतात, ऑलिगो चिकटत नाहीत. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. मे महिन्यात उलटी तऱ्हा, वेलमधलं पाणी उडून ऑलिगो घट्ट होत जातो. प्लेट झाकलेलीच हवी.

खरी बचत ठिपके वाचण्यात आहे. नमुन्याच्या पीसीआर-प्रतींना बायोटिन, त्याला चिकटणारं स्ट्रेप्टॅविडिन-अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर, आणि त्यानं रंग धरणारं एनबीटी-बीसीआयपी: जांभळे ठिपके डोळ्यांनी दिसतात, नोंदीला साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो.

गुण कापावे लागतात चौकटीचे. ४.५ मिमी सरकवून चार फेऱ्यांत ३८४ ठिपके मारायची सोय दिलीय, पण खुंट्या प्लास्टिकच्या. त्या झिजल्या की चौकट हलते आणि शेजारचे ठिपके एकमेकांत शिरतात. ९६वरच भागत असेल तर आहे तसा घ्या. ३८४ हवे असतील तर स्टीलच्या खुंट्या बसवून मागा.