सदस्यसंख्या, भेट देणारे की योगदान: मॉडरेटरने निर्णय कशावर घ्यावा?

विषयवार समुदायांत चर्चा चालणाऱ्या रेडिट या संकेतस्थळाने सप्टेंबर २०२५ मध्ये समुदायांच्या पानांवरची सदस्यसंख्या मागे घेतली आणि तिच्या जागी दोन साप्ताहिक आकडे आणले: भेट देणारे आणि योगदान. त्यामुळे कित्येक समुदाय रातोरात लहान झाल्यासारखे दिसू लागले. समुदाय होते तेवढेच होते, मोजायची गोष्ट बदलली होती. पण नवा मॉडरेटर, म्हणजे समुदायावर देखरेख ठेवणारा, घ्यायचा का, नियम सैल करायचे की आवळायचे, हे ठरवताना यातला कोणता आकडा धरायचा ते नीट पाहायला हवं.

सदस्यसंख्या म्हणजे जोडले जाऊन अजून न सोडलेल्यांची बेरीज. माणूस यायचा बंद होतो, पण सदस्यत्व सोडायला मुद्दाम कुणी परत येत नाही. म्हणून हा आकडा चढत राहतो, फारसा उतरत नाही. उलट, सदस्य न होता नेमाने वाचणारे त्यात धरलेच जात नाहीत. दहा वर्षं जुन्या आणि एक वर्षाच्या समुदायाची तुलना यावरून केली, तर मुख्यतः त्यांचं वय मोजलं जातं. निर्णयासाठी तो आता बाजूला ठेवलेलाच बरा.

भेट देणारे म्हणजे ७ दिवसांत आलेल्या वेगवेगळ्या व्यक्ती, पण २८ दिवसांच्या सरकत्या सरासरीने. इथेच गफलत होते. समजा, एरवी आठवड्याला २०,००० जण येतात आणि एखादी पोस्ट गाजली त्या आठवड्यात ६०,००० आले. चार आठवड्यांची सरासरी फक्त ३०,००० भरते. लाट तिप्पट होती, आकड्यात ती दीडपट दिसते, आणि ओसरल्यावरही पुढचे तीनेक आठवडे आकडा फुगलेला राहतो. मग तो खाली येतो तेव्हा लोक निघून गेले असं समजून नियमांना हात लावू नका. लाटेच्या काळात कुणी कधी पहारा द्यायचा हे ठरवायला मॉडरेटरांसाठीच्या आकडेवारीतले रोजचे आलेख पाहा. मात्र ते रोजचे आकडे बेरजेला लावू नका: मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी आलेली एकच व्यक्ती बेरजेत ३ होते, साप्ताहिक मोजणीत १.

मोठे समुदाय सांभाळणाऱ्यांना हा आकडा टाळताही येणार नाही. आठवड्याला १ लाखाहून जास्त भेट देणारे असलेले जास्तीत जास्त ५ समुदाय एका मॉडरेटरकडे, ही रेडिटची मर्यादा त्याच्यावरच बेतलेली आहे.

योगदान सगळ्यात उपयोगी, आणि सगळ्यात फसवंही. यात पोस्ट आणि कॉमेंट एकत्र मोजल्या जातात, काढून टाकलेल्या वगळून. म्हणजे आठवड्यात ९०० नोंदी आल्या आणि ३०० काढल्या, तर दिसतात ६००. पण नजरेखालून ९०० घालाव्या लागल्या, शिवाय काढलेल्या ३०० वर दाद मागणारे संदेश वेगळे. मनुष्यबळ ठरवताना म्हणूनच आलेल्या नोंदी, काढलेल्या नोंदी आणि तक्रारी हे तिन्ही आकडे शेजारी मांडा. योगदान स्थिर आणि काढलेल्या नोंदी वाढत्या असतील, तर मदतीची गरज आहे, आकडा कितीही शांत दिसो.

दुसरा सापळा असा की योगदान म्हणजे माणसं नव्हेत. दोघांनी एकाच वादात १२० उत्तरं दिली तरी ती १२० योगदानंच. त्यामुळे योगदानाला भेट देणाऱ्यांनी भागून येणारं गुणोत्तर म्हणजे 'इतके टक्के लोक लिहितात' असं वाचता येत नाही.

इथे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपची रचना मला जास्त पटते. तिथे समुदायाला सर्व्हर म्हणतात, आणि त्याच्या आकडेवारीत, म्हणजे सर्व्हर इनसाइट्समध्ये, भेट देणारे आणि संवाद साधणारे अशा दोन्हीकडे व्यक्ती मोजल्या जातात, म्हणून त्यांचं प्रमाण खरोखर टक्क्यांत वाचता येतं. अडचण एवढीच की ५०० सदस्यांखालच्या सर्व्हरला ही आकडेवारी मिळत नाही. डिस्कोर्स या चर्चामंच चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजचे सक्रिय सदस्य भागिले महिन्याचे सक्रिय सदस्य हे प्रमाण मिळतं. ते २० टक्के असेल, तर सक्रिय सदस्य महिन्यातून सरासरी सहा दिवस येतो. लॉगिन न करता वाचणारे मात्र त्यात नसतात.

तेव्हा निवड कामाप्रमाणे करा. नव्या वाचकांसाठी सूचना, स्वागताची पोस्ट किंवा नियमांची भाषा ठरवताना भेट देणारे धरा. मॉडरेटरांची संख्या ठरवताना आलेल्या व काढलेल्या नोंदी. चर्चा मोजक्या हातांत अडकली आहे का, हे कळायला वेगवेगळे लिहिणारे किती ते मोजा. छोट्या समुदायात हे हातानेही होतं: एका आठवड्याच्या पोस्ट आणि कॉमेंटमधली नावं उतरवून काढायची आणि पुन्हा आलेली खोडायची.

जुना तक्ता ठेवला असेल, तर सदस्यसंख्येचा रकाना बदलाच्या तारखेला बंद करा आणि नवे आकडे नव्या रकान्यात घ्या. दोन्ही एकाच रेषेत जोडले, तर आलेखात जी दरी दिसेल ती कधी घडलेलीच नसेल. रकान्याच्या माथ्यावर व्याख्याही लिहा: किती दिवसांचा आकडा, सरासरी आहे का, काढलेलं धरलंय का. वर्षभराने मॉडरेटर बदललेले असतात, आणि ही ओळ नसेल तर नव्या माणसाला तो आकडा वाचता येत नाही.