पत्रिका जेपीजीत सेव्ह करावी की पीएनजीत?

लग्नाची किंवा मुंजीची पत्रिका तयार आहे आणि ती नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायची आहे. दोन्ही फॉरमॅट मी भरपूर वापरले आहेत आणि हल्ली माझा हात एकाकडेच जातो. तरी आधी जेपीजीची बाजू मांडतो, कारण ती कच्ची नाही.

फोटोसाठी जेपीजीला तोड नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो पिक्सेलमागे तीन बाइट धरून जसाच्या तसा ठेवला तर ३६ एमबी होतो. जेपीजीत तोच चार-पाच एमबीत बसतो आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उजेडातला फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तितका नाही, हे हेरूनच १९९२ चं हे मानक बांधलं आहे. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातला बारीक तपशील कमी करायचा आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा चार पिक्सेलांत मिळून एकच ठेवायची. चेहरा, आकाश, झाडी यांत हे सहज खपतं.

अक्षरांत खपत नाही, आणि माझा निर्णय इथेच झाला. पिवळ्या पार्श्वभूमीवर कुंकवाच्या रंगाची अक्षरं घ्या. जेपीजीत त्यांच्या कडेला मळकट छटा उतरते आणि शिरोरेषेभोवती पूड सांडल्यासारखे ठिपके दिसतात. देवनागरीत हे फार खुपतं, कारण आपल्याकडे टिंबालाही अर्थ आहे. लहान टाइपातला अनुस्वार त्या ठिपक्यांत मिसळला की शिंद्यांचे शिदे होतात, आणि पत्रिकेत आडनाव चुकलेलं कोणाला चालेल? त्यात शेवटच्या घटकेपर्यंत दुरुस्त्या येत राहतात: मामांचं नाव वर घ्या, मुहूर्ताची वेळ बदला. मूळ फाइल हाताशी नसेल तर आलेल्या जेपीजीवरच काम होतं. कड थोडी कापली किंवा आकार बदलला की चौकोन नव्या जागी पडतात आणि जुन्या डागांवर नवे चढतात.

पीएनजीत काहीच टाकून दिलं जात नाही. शेजारच्या पिक्सेलांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा, अंदाजातला फरक तेवढा लिहायचा आणि तो झिप फाइलसारखा आवळायचा. कितीही वेळा सेव्ह केलं तरी अक्षराची कड तशीच राहते. सपाट रंगांची पत्रिका असेल तर फाइल पुष्कळदा जेपीजीपेक्षा लहानच निघते. शिवाय पारदर्शकता मिळते, त्यामुळे गणपतीचं चित्र कोणत्याही रंगावर पांढऱ्या चौकोनाशिवाय बसतं. जीआयएफ या चित्रांच्या जुन्या फॉरमॅटमागच्या पद्धतीवरच्या पेटंटला कंटाळून लोकांनी हा मोकळा पर्याय घडवला आणि १९९६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मला तरी तो अक्षरांसाठीच केल्यासारखा वाटतो.

अर्थात पत्रिकाभर वधूवरांचा फोटो असेल तर पीएनजी फाइल कितीतरी पट फुगते; तिथे जेपीजीच घ्या, फक्त क्वालिटी वर ठेवा. ऑनलाइन अर्जांनाही बहुधा जेपीजीच लागते. प्रेसला देताना पीएनजी नको, त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग ठेवता येत नाहीत. तिथे पीडीएफ बरी. पण पत्रिका मुख्यतः अक्षरांची असेल तर मी पीएनजीच सुचवेन. पाठवताना मात्र ती डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून टाकली तर मेसेजिंग अ‍ॅप बहुधा तिची पुन्हा जेपीजी करून टाकतं.