‘सव्वाशे वर्षांपूर्वीचा’ लमाणी बटवा

गोव्यात हणजुणेतल्या एका ‘अँटिक’ दुकानाने सव्वाशे वर्षांपूर्वीचा म्हणून एक लमाणी (म्हणजे बंजारा) बटवा साडेआठ हजारांना माझ्या गळ्यात मारला. पैसे परत मिळालेले नाहीत. तसेच बटवे तिथे अजून टांगलेले दिसतात, म्हणून लिहिते.

माल दिसायला झकास. लाल-निळं जाडंभरडं कापड, दाट टाके, आरसे, काठाला कवड्या आणि खाली लोंबणारे भोकाचे पैसे. दुकानदार म्हणाला, “ताई, आईने लेकीला लग्नात स्वतः भरून दिलेला. आता असं काम कोण करतं?” करतात की! कर्नाटकातल्या संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे.

घरी एक पैसा चिंचेने घासला. साल निघालं १९४४. मुळात ब्रिटिश सरकारचा भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधलाच. फोन केला तर म्हणे, “नाणी नंतर लावली असतील.” बरं, मग अस्तर उसवलं. जुन्या कापडाच्या शिवणीत ऊन पोचत नाही, तिथला रंग ताजा राहतो. इथे आतही तोच मळका तपकिरी रंग, आणि वास चक्क चहाचा! म्हणजे जुना दिसावा म्हणून चहात बुडवलेला. दोऱ्याचं टोक जाळलं. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि भुरभुरीत राख पडते. हा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. पॉलिस्टर.

बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या एका लमाणी बाईंना बटवा दाखवला. पुढची बाजू त्यांनी पाहिलीच नाही, आधी उलटा केला. “हे दोन तुकडे जुन्या घागऱ्याचे. बाकी सगळं मशीन.” त्यांच्याकडचा हाताने भरलेला बटवा नऊशेला होता, आणि तो त्या नवा म्हणूनच विकत होत्या.

बिलावर फक्त ‘हँडिक्राफ्ट बॅग, १ नग’. दुकानदार तोंडाने काहीही सांगो, किती सालचा ते बिलावर लिहून मागा. लिहीत नसेल तर पुढे चला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण असल्या बिलावर ती कितपत टिकेल कोण जाणे.

आणखी एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. दुकानात जाऊन परवाना दाखवा म्हटलं, तर सव्वाशे वर्षं तिथल्या तिथे उतरली. “शंभरचा नाही हो ताई, ऐंशीचा असेल.” मग पैसेही तेवढे कमी करा म्हटलं, तर साहेब दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.