गजबजलेल्या वस्तीत घर: हमरस्त्यावर की आतल्या गल्लीत?

नाट्यगृह, वाचनालय, कलादालन आणि रात्री उशिरापर्यंत उघडी उपाहारगृहं पायी दहा मिनिटांत हवीत, म्हणून माणसं अशा वस्तीत घर शोधतात. ही सोय हमरस्त्यावरच्या घराला मिळते तशीच दोनशे मीटर आतल्या घरालाही मिळते. फरक पडतो तो झोपेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी केलेल्या शिफारशीनुसार रात्री वाहतुकीचा आवाज घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा. वर्दळीच्या रस्त्यावर हा आकडा सहज ओलांडला जातो. सलग वाहतुकीचा आवाज अंतर दुप्पट झालं तरी जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. मधे अखंड इमारत आली तर मात्र १० किंवा त्याहून अधिक. म्हणून घर रस्त्यापासून किती लांब आहे यापेक्षा मधे काय आड येतं ते बघा. वरचा मजला घेऊनही सुटका नाही. खिडकीतून रस्ता दिसतो तोवर आवाज येणारच.

हमरस्त्याची खरी जमेची बाजू म्हणजे उजेड आणि राबता. प्रयोग सुटल्यावर एकटीने घरी येणाऱ्या बाईला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. गल्लीत दिवे चालू आहेत का, ती पुढे बंद होते का, हे रात्रीच तपासा. आणि मागची बाजू नीट बघा: उपाहारगृहांचे धूर ओढणारे पंखे, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणि पहाटेची कचरागाडी बहुधा तिथेच असतात. अशी गल्ली हमरस्त्यापेक्षा वाईट.

खिडक्या बदलू म्हणजे झालं, हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. सरकत्या खिडकीच्या फटीतून आवाज आत येतो. रबरी पट्टीची, घट्ट मिटणारी बिजागरीची खिडकी बरी. आतून दुसरी खिडकी बसवायची तर दोन काचांमध्ये किमान १०० मिलिमीटर अंतर ठेवा. मात्र तळमजल्यावरच्या स्पीकरचा ठोका भिंतीतून आणि स्लॅबमधून चढतो. त्यावर काच चालत नाही.

शनिवारी रात्री अकरानंतर आणि एखाद्या पहाटे पाच वाजता जा. खिडक्या लावून निजायच्या खोलीत दहा मिनिटं गप्प बसा, भिंतीला तळहात लावून बघा.

वर्ष-दोन वर्षं भाड्याने राहायचं असेल तर हमरस्ता चालेल. विकत घ्यायचं तर आतली गल्ली, निजायची खोली मागच्या बाजूला. आणि खालच्या दुकानाचं उद्या उपाहारगृह करायला परवानगी मिळू शकते का, हे व्यवहाराआधी लेखी विचारून घ्या.